बढती तर मिळाली, पुढे काय?

चवथीला महिनाभर राहिला की गोव्यातल्या हॉटेलांत आणि कारखान्यांत एक कागद फिरायला लागतो, रजेचा. त्यावर सगळ्यांची नावं, आणि सगळ्यांना हवे असलेले तेच दिवस. कुणाकडे दीड दिवसाचा गणपती, कुणाकडे पाच दिवसांचा. गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्यांची माटोळी बांधायची म्हणून आदला दिवसही हवाच. पाहुण्याला आपल्या गणपतीचं काय पडलेलं असतं? त्याला खोली साफ हवी.

मी हाउसकीपिंगची सुपरवायझर झाले त्या वर्षी हा कागद पहिल्यांदा माझ्या हाती आला. हाताखाली पंधरा माणसं. रात्री जागून पेन्सिलीने मी एक कोष्टक केलं. प्रत्येकाला सारखे दिवस, कुणावर अन्याय नाही. सकाळी ते भिंतीला चिकटवलं. दुपारपर्यंत निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि चवथीच्या दिवशी तिघी एकदम ‘आजारी’ पडल्या. घरी आरती चालली होती तेव्हा मी तिसऱ्या मजल्यावर बाथरूम घासत होते.

कोष्टकातलं गणित बरोबर होतं. माझं काय चुकलं ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली. आता मी हॉटेलांतल्या आणि कारखान्यांतल्या नव्या सुपरवायझरांना शिकवायला जाते, आणि प्रत्येक तुकडीत ते कोष्टक करणारी एक तरी मुलगी भेटतेच.

‘नेतृत्व’ हा शब्द मी इथे जपून वापरणार आहे. नेता म्हटलं की आपल्याकडे लोकांना रस्त्याकडेचा वाढदिवसाचा बॅनर आठवतो. कामाच्या जागेपुरता त्याचा अर्थ एवढाच धरा: चार माणसांकडून एक काम नीट होणं, आणि आपण तिथे उभे नसतानाही होणं. त्यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड.

चांगला कामगार, कच्चा साहेब

बढती मिळते ती आधीचं काम चांगलं केलं म्हणून. मी खोली झटपट आणि लख्ख करायचे. चादरीला सुरकुती नाही, आरशावर डाग नाही. म्हणून मला सुपरवायझर केलं. आता सुपरवायझरचं काम खोली साफ करणं नसतंच. ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. कुणाचा हात सावकाश चालला की मी तिच्या हातातलं फडकं घ्यायचे आणि स्वतः पुसायचे. मला वाटायचं मी मदत करतेय. तिला काय वाटत असेल ते आता कळतं.

यावर अभ्यासकांनी फार पूर्वीच बोट ठेवलं आहे. रॉबर्ट कॅट्झ यांनी 1955 मध्ये मांडलं की कारभार पाहणाऱ्या माणसाला तीन प्रकारची कौशल्यं लागतात. हातातलं काम येणं हे पहिलं, माणसांबरोबर काम करता येणं हे दुसरं, आणि सगळ्या व्यवहाराचा नकाशा डोक्यात धरता येणं हे तिसरं. खालच्या पायरीवर पहिलं जास्त लागतं, वर चढाल तसं तिसरं. मधलं मात्र सगळ्याच पायऱ्यांवर लागतं, आणि नेमकं तेच बढतीच्या वेळी कुणी तपासत नाही.

लॉरेन्स पीटर यांनी 1969 मध्ये हीच गोष्ट जरा चेष्टेत सांगितली. माणूस काम जमतं म्हणून वर चढत जातो, आणि जमत नाही अशा खुर्चीवर पोचला की तिथेच मुक्कामाला राहतो. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कंपन्यांमधल्या विक्रेत्यांची आकडेवारी घेऊन हे तपासून पाहिलं. जो सगळ्यात जास्त माल विकतो त्यालाच बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण तो साहेब झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची विक्री सरासरीने खाली आली. चेष्टेतला नियम निदान तिथे तरी खरा निघाला.

बदल कुठून येतो

बदलती कामाची जागा म्हटलं की सगळे एकदम कॉम्प्युटर आणि एआयवर उडी मारतात. गोव्यात बदल पुष्कळदा कोर्टातून आलाय, नाहीतर विमानातून.

मी डिचोलीची. आमच्या पट्ट्यात घरटी कुणीतरी खाणीशी बांधलेला: कुणाचा टिप्पर ट्रक, कुणाची खनिज वाहणाऱ्या बार्जीवर नोकरी, कुणाचं गॅरेज, कुणाचा चहाचा गाडा. सप्टेंबर 2012 मध्ये सरकारने खाणकाम थांबवलं, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल 2014 मध्ये अटी घालून ती उठली. मग फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणींच्या लीजचं, म्हणजे भाडेपट्ट्यांचं, नूतनीकरणच रद्द केलं आणि 16 मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प झालं. निकाल योग्य की अयोग्य हा वाद इथे नको, डोंगरांचं काय झालं होतं ते आम्हीही पाहत होतो. मला सांगायचंय ते माझ्या मामांबद्दल.

मामा खाणीवर फोरमन होते. पोकलेनचा आवाज लांबून ऐकून सांगायचे की आज हिचा हायड्रॉलिक पाइप जाणार. पोरं त्यांना टरकून असायची आणि त्यांच्यावर जीवही टाकायची. खाण बंद झाल्यावर त्यांना एका गोदामात देखरेखीची नोकरी मिळाली. तिथे माल स्कॅनरने मोजायचा, आणि स्कॅनर कसा चालतो ते बावीस वर्षांच्या पोराला मामांपेक्षा जास्त ठाऊक. पहिल्या महिन्यात मामा दोनदा नोकरी सोडून घरी आले. काम कठीण नव्हतं. तीस वर्षं ज्याच्या जोरावर लोक त्यांचं ऐकत होते, ते ज्ञानच आता उपयोगाचं राहिलं नव्हतं.

माझ्या मते बदलत्या कामाच्या जागेचा खरा प्रश्न इथे आहे. काम वर्षानुवर्षं तेच असतं तेव्हा ज्याला सगळ्यात जास्त माहीत असतं तोच पुढारी होतो. गोव्यात त्याला पात्रांव म्हणतात, आणि पात्रांवाला विचारलं की उत्तर मिळतं. काम बदललं की ही सांगड तुटते. उत्तर कधी नव्या पोराकडे असतं, कधी पॅकिंगच्या टेबलावरच्या बाईकडे, आणि कधी कुणाकडेच नसतं. पात्रांव तरीही उत्तर देत राहतो, कारण सवय. मग चुकतो, मग ओरडतो.

दोन जातीच्या अडचणी

हार्वर्डमध्ये शिकवणारे रोनाल्ड हायफेट्झ यांनी 1994 मध्ये एक फरक मांडला. नेतृत्वाच्या सगळ्या सिद्धांतांपैकी मला एकच ठेवायला सांगितला तर मी हा ठेवीन. काही अडचणींचं उत्तर कुणाला तरी माहीत असतं. एसी बंद पडला, मेकॅनिकला बोलवा. नवं सॉफ्टवेअर आलं, दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. या तांत्रिक अडचणी. दुसऱ्या जातीच्या अडचणीचं उत्तर तयार नसतं. ते त्याच माणसांनी शोधायचं असतं आणि शोधताना कुणाला तरी काहीतरी सोडावं लागतं: एखादी सवय, एखादा मान, एखादी समजूत. हायफेट्झ यांचं म्हणणं असं की माणसं सगळ्यात जास्त फसतात ती दुसऱ्या जातीच्या अडचणीला पहिल्या जातीचं औषध देऊन.

एक अगदी आमच्या धंद्यातलं उदाहरण देते. मी शिकवायला जाते त्या एका हॉटेलात खोल्या वाटण्यासाठी ॲप आलं. पूर्वी सुपरवायझर सकाळी कागदावर वाटायची: तुला या चौदा, तुला या चौदा. आता प्रत्येकीच्या मोबाइलवर यादी येते. खोली झाली की बटण दाबायचं, खाली रिसेप्शनला लगेच दिसतं. ॲप सगळ्यांना सारख्या खोल्या देतं. सारख्या म्हणजे आकड्याने सारख्या. त्याला हे कळत नाही की पाहुणा अजून राहतोय त्या खोलीला कमी वेळ लागतो आणि खोली सोडून गेलेल्याच्या खोलीला जास्त. दोन लहान पोरं घेऊन चार दिवस समुद्रावर लोळलेलं कुटुंब सोडून गेलं असेल तर विचारूच नका. वाळू गादीखाली, वाळू पडद्याच्या घडीत, बाथरूमच्या जाळीत वाळू. पूर्वीच्या सुपरवायझरला हे माहीत असायचं. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा मुलगा तापाने फणफणलाय, हेही. ती गुपचूप इकडचं तिकडे करायची.

आता व्यवस्थापनाला वाटलं की बायका कुरकुर करतात कारण त्यांना ॲप येत नाही. म्हणून पुन्हा प्रशिक्षण ठेवलं. बायकांना ॲप पहिल्याच आठवड्यात आलं होतं, घरी त्या यूपीआयने मासे घेतात. अडचण वेगळीच होती. खोल्या ‘न्यायाने’ वाटल्या म्हणजे नक्की काय, हा प्रश्न आधी एका बाईच्या अंदाजात मिटलेला होता. ॲपने तो उघडा पाडला. शिवाय जुन्या जाणत्या मावश्यांना हलक्या खोल्या मिळायच्या, तो एक मान होता, तोही गेला. नव्या पोरींना मात्र ॲप आवडलं, कारण त्यांच्या वाट्याला आजवर फक्त वाळूच आली होती! यावर प्रशिक्षण काय करणार? इथे माणसांना एकत्र बसवून त्यांच्यातला तंटा बाहेर काढावा लागतो, आणि तो निघताना होणारा आवाज सहन करावा लागतो.

हा आवाज सहन करणं हे एक वेगळंच कौशल्य आहे. नवा सुपरवायझर घाबरून तो बंद करतो, नियम तरी लावतो किंवा चहा तरी मागवतो. दोन्हींनी गप्पच होतं सगळं. हायफेट्झ म्हणतात, ताप इतका ठेवायचा की काम पुढे सरकेल, आणि इतका वाढू द्यायचा नाही की माणसं पळून जातील. आमच्याकडे हे सोलकढीवाल्यांपेक्षा आंबोळीवाल्यांना लवकर कळेल.

माझ्या चवथीच्या कोष्टकाचंही हेच झालं होतं. रजा वाटणं हा मला हिशेब वाटला, म्हणून मी एकटीने सोडवला. पुढच्या वर्षी मी कोरा कागद घेऊन सगळ्यांत बसले आणि म्हटलं, “चवथीला पाच माणसं लागणारच. कोण, ते मला माहीत नाही.” पाऊण तास भांडण झालं. मग झारखंडचा एक मुलगा, जो एरवी बोलायचाच नाही, म्हणाला की त्याला चवथीचं काही नाही, त्याला छठपूजेला घरी जायचंय, पण त्या वेळी हंगाम चालू म्हणून रजा मिळत नाही. तो दोन वर्षं आमच्यात होता. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. त्याच्या मागोमाग साळगावची एक बाई म्हणाली, मी चवथ सांभाळते, मला नाताळची रात्र द्या. नाताळात हॉटेल खचाखच असतं, पण आता तिच्या बदल्यात उभं राहणारी माणसं होती, तिने त्यांची चवथ वाचवली होती ना. सगळे खूश झाले असं नाही. एकीने पुढे वर्षभर माझ्याशी तुटक बोलणं ठेवलं. पण आजारी कुणी पडलं नाही.

‘म्हाका खबर ना’

मला माहीत नाही, हे कोकणीत तीन शब्दांत होतं. वरच्या खुर्चीवरून ते उच्चारायला काय लागतं ते एकदा म्हणून बघा. शिकवताना मी सुपरवायझरांकडून ते मोठ्याने म्हणवून घेते. लोक आधी हसतात, मग अडखळतात. पुरुष जरा जास्त अडखळतात, असं माझं निरीक्षण.

मात्र हे वाक्य एकटं वापरलं तर ते हात झटकणं होतं. ‘खबर ना’नंतर तीन गोष्टी याव्या लागतात: काय ठरलेलं आहे आणि बदलणार नाही, काय आपण मिळून ठरवायचं आहे, आणि कधीपर्यंत. 2020 च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद होती तेव्हा कामगारांना सगळ्यात जास्त कशाने छळलं, तर मौनाने. एका ओळखीच्या मॅनेजरने दर शनिवारी फोन करायचा नेम ठेवला होता. सांगायला बहुतेक वेळा काही नसायचं. “या आठवड्यातही नक्की काही नाही, पुढच्या शनिवारी परत सांगतो,” एवढंच. हॉटेल उघडलं तेव्हा त्याची माणसं परत आली.

किती सांगायचं, किती सोडायचं

कुर्त लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दहा-दहा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांच्याकडून मुखवटे वगैरे करवून घेतले. एका प्रकारच्या गटात मोठा माणूस सगळं हुकमाने ठरवायचा, दुसऱ्यात मुलांशी बोलून, तिसऱ्यात त्याने मुलांना वाऱ्यावर सोडलं होतं. हुकमाच्या गटात काम भरपूर व्हायचं, पण मास्तर खोलीबाहेर गेले की काम पडायचं. बोलून ठरवणाऱ्या गटात मास्तर गेले तरी मुलं जवळपास तशीच लागून राहायची. सुरुवातीला मी जी व्याख्या केली ती इथूनच उचललेली आहे.

यावरून ‘नेहमी सगळ्यांना विचारा’ असा धडा काढणारे फसतात. गॅस गळत असताना मतं मागवायची नसतात. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड यांनी 1969 पासून एक सोपी पट्टी मांडली: माणूस कामात नवा असेल तर स्पष्ट सांगा, थोडा तयार झाला की सांगा आणि समजवाही, काम येतं पण धीर नाही अशाला आधार द्या, आणि पूर्ण तयार असेल त्याच्या वाटेतून बाजूला व्हा. संशोधक म्हणतात या पट्टीला पुराव्याचं बळ फारसं नाही, आणि खरंच, माणूस इतक्या स्वच्छ चार खान्यांत बसत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट मला रोज उपयोगी पडते. तयारी माणसाची नसते, कामाची असते. वीस वर्षं मुरलेली मावशी ॲपपुढे नवशिकी असते आणि कालची पोरगी वाळूपुढे. एकाच माणसाशी सकाळी एक आणि दुपारी दुसरी पद्धत वापरावी लागते.

आणि सांगायचं किती, हे मला कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा दशावताराने जास्त चांगलं शिकवलं. पेडणे, डिचोली, सत्तरीत जत्रेच्या रात्री काला पाहिलेल्यांना ठाऊक आहे, त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. तोंड रंगवायच्या वेळी कलाकारांना कथा सांगितली जाते: आज अमुक आख्यान, तू राजा, तू राक्षस, तुमची गाठ इथे पडते, शेवट असा. बस्स. संवाद रंगमंचावर सुचतील ते. समोरचा काय बोलतो ते कान देऊन ऐकल्याशिवाय पुढचं वाक्यच येत नाही. पेटी आणि मृदंगवाला कलाकाराच्या तोंडाकडे बघत बसलेला. आता विचार करा, कथा सांगणाऱ्याने वाक्यं पाठ करून घ्यायला सुरुवात केली तर काय होईल? आणि कथाच सांगितली नाही तर? आमच्या ऑफिसांत या दोन्ही चुका एकाच दिवशी होतात. काम का करायचं आणि कुठे पोचायचं ते सांगत नाहीत, पण ईमेलमधला स्वल्पविराम तपासतात.

चूक सांगणारा माणूस

एमी एडमंडसन या संशोधिका नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या गटांत चुका कमी सापडतील. आकडे उलटे आले, चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त! शोध घेतल्यावर दिसलं की ते गट चुका जास्त करत नव्हते, लपवत कमी होते. 1999 मध्ये त्यांनी एका कारखान्यातल्या 51 गटांचा अभ्यास मांडला आणि ‘मानसिक सुरक्षितता’ ही कल्पना चर्चेत आणली. अर्थ साधा: इथे प्रश्न विचारला, चूक कबूल केली, साहेबाला हटकलं, तर आपली शोभा होणार नाही, हा गटातल्या सगळ्यांचा समज.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत काम केलेल्यांना एक गोष्ट सवयीची आहे. बॅच रेकॉर्डमध्ये आकडा चुकला तर त्यावर व्हाइटनर लावायचा नाही, गिरवायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकलेला आकडा वाचता यावा, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. चूक वाचता आली पाहिजे. कागदाला जो न्याय हे कारखाने देतात तो माणसाला दिला की एडमंडसन यांचं अर्धं काम झालं. पण मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी कागदावर रेघ आणि माणसाच्या तोंडाला व्हाइटनर.

तुमच्या गटात ही सुरक्षितता आहे का ते ओळखायची माझी एक गावठी खूण आहे. गेल्या पंधरवड्यात तुम्हाला एखादी वाईट बातमी आधी तुमच्याच माणसाकडून कळली का? की दरवेळी पाहुण्याकडून, नाहीतर वरून?

यालाच जोडून, एखाद्याला त्याच्या कामाबद्दल कसं सांगायचं. आपण समजतो की सांगितलं की सुधारणा होणारच. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये यावरचे जुने प्रयोग गोळा करून एकत्र हिशेब मांडला. सरासरीने फायदा होता, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम उलट बिघडलं होतं. त्यांनी लावलेला अर्थ असा की बोलणं कामावरून माणसाच्या स्वतःकडे वळलं की लक्ष कामातून उडतं. “तू निष्काळजी आहेस” म्हटलं की ती दिवसभर स्वतःची बाजू मनात मांडत बसते. “312 मध्ये जाळीत वाळू राहिली, पाणी तुंबलं” म्हटलं की ती जाळी बघते. गंमत म्हणजे तोंडभर स्तुतीचंही तसंच आहे. “तू ग्रेट आहेस” याने जाळी साफ होत नाही.

व्हॉट्सॲपच्या ग्रुपबद्दल थोडक्यात. रात्री अकराला टाकलेल्या सूचनेखाली आलेले वीस अंगठे म्हणजे होकार नव्हे. आणि काही विभाग आता दुसऱ्या शहरात किंवा घरी बसून चालतात. मायक्रोसॉफ्टच्या 61,000 वर कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात असं दिसलं की सगळे घरून काम करू लागल्यावर माणसं आपापल्या गटात घट्ट झाली, पण गटागटांमधले दुवे विरले. आमच्याकडे बुकिंग घेणारे मुंबईत बसायला लागले तेव्हा हेच झालं. त्यांना माहीत नव्हतं की शिगम्याच्या मिरवणुकीच्या संध्याकाळी पणजीतून गाडी निघत नाही, आणि आम्हाला माहीत नव्हतं की त्यांनी पाहुण्याला वेळेचा शब्द दिलाय. असे दुवे मुद्दाम बांधावे लागतात. कसे, तर एकमेकांचं काम एक दिवस शेजारी बसून बघून. दुसरा उपाय मला अजून सापडलेला नाही.

शिकायचं कसं

शिकणं सत्तर टक्के प्रत्यक्ष कामातून, वीस टक्के माणसांकडून आणि दहा टक्के वर्गातून, असं तुम्ही ऐकलं असेल. मुळात हे 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या ‘सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप’ या संस्थेने वरच्या अधिकाऱ्यांना ‘तुम्ही कशातून शिकलात’ असं विचारलं, त्यातून आलं. म्हणजे लोकांची आठवण, मोजमाप नव्हे. इतके गोल आकडे दिसले की मला संशय येतो. पण कल अनुभवाशी जुळतो, आणि वर्ग घेऊन पोट भरणारी मी हे कबूल करते याची नोंद घ्या.

प्रत्यक्ष कामातून शिकायचं म्हणजे नुसती वर्षं काढायची नव्हेत. वीस वर्षं तेच पहिलं वर्ष जगणारे मी पाहिलेत. अनुभवाकडे मागे वळून बघायची काहीतरी रीत लागते. अमेरिकेच्या सैन्याने 1970 च्या दशकात सरावानंतर चार प्रश्न विचारायची पद्धत सुरू केली: काय व्हायला हवं होतं, काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करू. यात ‘कुणामुळे’ हा पाचवा प्रश्न नाही, हीच तिची करामत. आमच्याकडे पाळी संपताना, हात धुऊन, बस पकडायच्या आधी दहा मिनिटं पुरतात. नियम दोन. सर्वांत मोठी व्यक्ती शेवटी बोलेल, आणि आधी स्वतःची चूक सांगेल.

ज्यांना अजून बढती मिळालेली नाही त्यांनी पदाची वाट बघू नये. रजेचा कागद तुम्ही मागून घ्या. नव्या मुलीला चार दिवस शेजारी घेऊन शिकवा. दुसऱ्या पाळीशी रोज होणारं भांडण मिटवायचं काम अंगावर घ्या. या गोष्टी लहान असतात, चुकल्या तर नोकरी जात नाही, आणि हायफेट्झ यांच्या दुसऱ्या जातीची अडचण ओळखायची नजर इथेच तयार होते. वरच्यांनी अशी लहान कामं खाली मोकळी सोडायला हवीत. ती सोडताना हात थरथरतो. माझा अजून थरथरतो.

त्या ॲपवाल्या हॉटेलात मागच्या फेरीत मी पाळी संपतानाची ती दहा मिनिटं बघायला उभी राहिले. सुपरवायझर सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी. तिने सुरुवात केली ती आपण सकाळी एक निरोप द्यायला विसरलो इथून. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. ती गप्प राहिली, मला मात्र तिथे काहीतरी बोलायची इतकी खुमखुमी आली की मी ओठ चावला. मग गुडघे दुखणारी मावशी म्हणाली, “बाय, पोरं असलेलं कुटुंब खोली सोडून गेलं तर ती खोली दीड धरायची. मग ती कुणालाही दे, मलासुद्धा दे.” नव्या पोरींपैकी एक म्हणाली, “दीड नाही मावशी, पावणेदोन.” हसले सगळे. ॲपमध्ये दीड खोली लिहायची सोय नाही, वर कळवलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर चादरींच्या खोलीतल्या फळ्यावर रोज सकाळी खडूने हिशेब होतो, आणि फळा कुणी लिहायचा याची आता पाळी लावली आहे.